आठ टक्के कुटुंब

निसर्गाचा अभ्यास घरबसल्या करता येतो, ही विज्ञानाने सामान्य कुटुंबाला दिलेली मोठी सवलत आहे. त्यासाठी एक खिडकी, एक कॅमेरा आणि बाहेर थोडी झाडं पुरतात. फक्त घरात माणसं असू नयेत. असलीच तर ती दिसू नयेत.

कसबा बावड्यातल्या आमच्या घरात हे सगळं जुळून आलं आहे. (माणसांबाबत प्रयत्न सुरू आहेत.) हॉलच्या खिडकीबाहेर जास्वंद, पेरू आणि कपडे वाळत घालायची तार आहे. मार्चमध्ये शिंजिराच्या मादीने त्या तारेला घरटं टांगलं. शिंजीर हा फुलांतला मध पिणारा पक्षी. लांबी दहा सेंटीमीटर, वजन आठेक ग्रॅम, चोच बाकदार. नर जांभळा, चकचकीत असतो आणि दिवसभर तारेवर बसून बोलतो. मादी पिवळट तपकिरी. कोळिष्टकं, वाळकी पानं आणि आमच्या वीजबिलाचा एक तुकडा वापरून घरटं तिने एकटीने बांधलं, अंडीही ती एकटीच उबवते. मी बी.एस्सी. झालेला असल्यामुळे ही माहिती घरात सर्वांना दिली.

आई म्हणाली, "ह्यात नवीन काय हाय?"

सुरुवातीचे फोटो चांगले आले, पण त्यांत एक दोष होता. काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे आठ टक्के परत पाठवते. म्हणजे बाहेरच्या पक्ष्याच्या प्रत्येक फोटोत आतलं कुटुंब आठ टक्के उमटतं. एका अन्यथा अप्रतिम फोटोत घरट्याच्या तोंडाशी आण्णा (माझे वडील) दाढी करताना दिसतात. आठ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण बनियनवर असलं की ते पुरतं.

उपाय शास्त्रीय होते. हॉलमधले दिवे आणि बाकीच्या खिडक्या बंद केल्या. कॅमेऱ्यामागे भिंतभर काळी चादर लावली. चादर हलते म्हणून पंखा बंद. सर्वांनी गडद कपडे घालावेत आणि कुजबुजत बोलावं असं ठरलं. कुजबुजीची मात्र अडचण आली. कोल्हापुरात ही सोय फारशी विकसित झालेली नाही. आण्णांची कुजबूज कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जाते आणि तिथून उत्तरही येतं.

"आदर्शा, माझ्याच घरात मला चोरावानी चालाय लावतोस व्हय रं?" आईने अंधारातून विचारलं. प्रश्न रास्त होता. पण त्याच दिवशीच्या फोटोत कुटुंबाचं प्रमाण शून्यावर आलं होतं.

फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गाजले. मादीला नाव असावं अशी मागणी झाली, म्हणून रीतसर मतदान घेतलं. 'मोना' हे नाव एकशे बारा मतं मिळवून निवडून आलं. 'राजनंदिनी' पडलं, आठ ग्रॅमच्या पक्ष्याला ते जड होईल, असं बऱ्याच जणांचं मत होतं.

याच सुमारास ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, बघण्याचा कार्यक्रम ठरला. स्थळ गगनबावड्याचं. मुलगा यशराज, त्याचे मामा उदयसिंह आणि आणखी चार पाहुणे. (हे चौघे बोलले नाहीत, जेवले.) ताईचे असे दोन कार्यक्रम आधी झाले होते. या वेळी तिने एकच अट घातली होती, की मुलाने तिच्याशी धड पाच मिनिटं बोलावं. तो बोलला तर ती विचार करणार होती. नाही बोलला तर नकार, आणि मग आईने वर्षभर स्थळ हा शब्द काढायचा नाही. आईला हे मान्य करावं लागलं होतं, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आधी ती चादर काढ," आई म्हणाली. "पोरगी दाखवायची हाय का लपवायची हाय?"

पण मोनाची अंडी फुटायला आली होती. मी पाहुण्यांना फोन करून गडद कपड्यांत यायला सांगितलं. त्यांनी कसलीही शंका काढली नाही. मुलाकडच्यांचा मान म्हणून काही वेगळी पद्धत असावी, असा त्यांचा समज झाला. चहासोबतचं भडंग मी रद्द केलं, कारण ते चावताना वाजतं. त्याऐवजी शिरा ठेवला, तो पूर्णपणे नीरव आहे.

कार्यक्रम शिस्तीत झाला. भिंतीवर मी निसर्ग-छायाचित्रणाचे नियम लावले होते: मादीला उठवू नये, वळायला लावू नये, तिच्याकडे टक लावून तिला अवघडवू नये. उदयसिंहमामांनी ते मोबाइलच्या उजेडात वाचले आणि मान डोलावली.

"लई चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "मुक्या जिवाला त्रास न्हाय द्याचा." मग ताईकडे अंदाजाने वळून म्हणाले, "पोरी, उठ बगू. जरा चालून दाव."

ताई उठली, चालली, बसली.

"चालली का?" मामांनी थोड्या वेळाने विचारलं.

"चालली की," आण्णा म्हणाले.

हा नियमभंग नव्हता. नियम घरट्यापुरते होते.

यानंतर मुला-मुलीला पाच मिनिटं एकांत देण्यात आला, म्हणजे बाकीचे सगळे स्वयंपाकघरात गेले. कॅमेरा सांभाळायला मी थांबलो. पाहुणा म्हणून यशराजला मोनाची ओळख करून दिली आणि एकदा त्यातून बघू दिलं. त्याची पकड स्थिर होती, श्वासावर ताबा चांगला होता. नवख्या माणसात हे दुर्मिळ असतं. ताई त्याच्या शेजारी खिडकीपाशी उभी राहिली. ती वाट बघत होती. मोना घरट्यातून डोकं काढून बघत होती. पाच मिनिटं संपता संपता यशराज ताईशी बोलला.

"जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "फोटोत येताय."

सूचना तांत्रिकदृष्ट्या अचूक होती.

पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "बोलला काय गं?"

"बोलला," ताई म्हणाली. आईने पुढचं विचारलं नाही. ताईनेही नकार लगेच कळवला नाही. त्यांच्याकडून काय येतं ते तिला ऐकायचं होतं.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"पोरगी पसंत हाय आमाला," मामा म्हणाले. "शांत हाय. येवढा येळ बसली पर आवाज न्हाय."

आईने देवापुढे ठेवायला साखरेचा डबा उचलला. ताईने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि फोनजवळ आली.

"मामा, मीच बोलतोय. माझं नाव काय हो?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आता नावाचं काय घिऊन बसलीस, पोरी. लग्नात बदलतंयच की."

"बदलायच्या आधीचं सांगा."

"थांब, कागद गाडीत ऱ्हायलाय." मामांनी फोनवर हात ठेवला. त्यांची कुजबूज आमच्या घरभर ऐकू आली. "यश्या, काय रं नाव तिचं?"

"मोना की," यशराज म्हणाला.

ताईने फोन बंद केला. मग तिने काळी चादर ओढून काढली, पंखा लावला आणि त्याखाली बसून साखर खाल्ली. शेवटी आईनेही हात पुढे केला.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे यशराजला हसले. तुम्हीही हसला असाल तर हरकत नाही. तुम्हाला मोनाचं वजन माहीत आहे, चोचीचा आकार माहीत आहे, तिला मतं किती पडली तेही माहीत आहे.

आता ताईचं नाव सांगा. (मामांना निदान फोनवर हात ठेवायची सोय होती.)