डोकी किती?

भाऊसाहेबांनी ठरवलं, आईचं लॉन वाचवायचं. (ऑफिसात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. घरी लाडानं हाक मारणारी एकच होती, ती गेली.)

आई गेल्यापासून घरात दोन गोष्टी सुकत चालल्या होत्या. एक तिनं लावलेलं लॉन आणि दुसरे, खिडकीशी बसून त्या लॉनकडे बघणारे बाबा. महिनोन्महिने बाबांनी हूं की चूं केलं नव्हतं. भाऊसाहेबांच्या बायकोचं देवाकडे रोज एकच मागणं, ‘बाबांनी एकदा तोंड उघडावं. रागावले तरी चालतील.’ भाऊसाहेबांची मात्र सगळी भिस्त अंगणातल्या विहिरीवर. (पाणी गुडघाभर, भरवसा पुरुषभर.)

लॉनमध्ये जुने नऊ फवारे होते. घरचा छोटा पंप ते ओढेल का, हे विचारायला त्यांनी पंपवाल्याला फोन लावला.

“डोकी किती?” पंपवाल्यानं विचारलं.

घरात पाणी किती लागतं याचा अंदाज घेत असेल, असं भाऊसाहेबांना वाटलं. “तीन.” त्यांचा आवाज जड झाला. “पूर्वी चार होती.”

“एक बाद झालं का?”

ही काय बोलायची पद्धत? “हो. गेल्या वर्षी.”

“असू द्या. नवीन आणून बसवू.”

भाऊसाहेबांनी चोरून खिडकीकडे पाहिलं. “नको. बाबांना चालणार नाही.”

“मग तीनच ना? करा सगळी एकदम चालू.”

भाऊसाहेबांनी नऊच्या नऊ फवारे सोडले. अर्धा मिनिट ते ऐटीत नाचले, मग एकेकानं मान टाकली. पंप घरघरला, खोकला, जळका वास सोडून गप्प झाला.

बायको कोपरापर्यंत साबणाचा फेस घेऊन बाहेर आली. “अहो, नळाला नुसती हवा येतेय.”

“येईल हो पाणी,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते पटलं नाही.

फोन केल्यावर पंपवाला लगेच आला. विहिरीत डोकावला, मग लॉनवर एक चक्कर मारून आला. “डोकी तीन म्हणालात. इथं तर नऊ आहेत.”

“मी घरातली सांगितली.”

पंपवाला कट्ट्यावर बसला. “साहेब, फवाऱ्याच्या तोटीला आम्ही डोकं म्हणतो. हा पंप एका वेळी तीनच ओढणार. विहिरीचा तळ लागला, पंप तापून बंद पडला. नशीब, जळला नाही. उद्या पाणी साठलं की तीन-तीन सोडा. लॉन जगेल.”

तेवढ्यात काहीतरी घरघरलं. पंपच सुरू झाला असं सगळ्यांना वाटलं. पण आवाज खिडकीतून आला होता.

“तीन कशाला सांगितलीस रे?” बाबा विचारत होते.

बायकोनं फेसाळ हात तसेच जोडले.

“मग किती सांगू, बाबा?” भाऊसाहेब खिडकीशी धावले. “तिघंच तर उरलोय आपण.”

“दोन सांगायची.”

पंपवाल्यानं बाबांकडे पाहिलं, सूनबाईंकडे पाहिलं, आणि भाऊसाहेबांना वगळून पुन्हा एकदा मोजलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.