सोजराबाईंच्या पोटरीवरील मोहिमेची हकीकत

श्री. आज्ञा जाहली की पोटरीचे प्रकरण कैसे घडले ते साद्यंत लिहावे. त्यास सेवकाने पदरचे काही न घालता लिहिले असे. घातलेच असेल तर अंमळ मीठ.

मनुष्याचे कातडे म्हणजे निव्वळ आवरण, ऐसी आम्हां अडाण्यांची समजूत. परंतु तो थोर मुलूख असे. वरचे तटावर एक जातीच्या पेशी, तळघरी दुसऱ्या, आणि गस्तीस रक्षकपेशी, आणि त्या एकमेकींस रसायनांचे खलिते अहोरात्र धाडितात. जासूद डोळ्यांस दिसत नाही. मग खलिते लिहिण्यास कोण सज्ज आणि घेण्यास दार उघडून कोण बसली, हे जनुकांच्या हालचालीवरून ताडून, कोणाचे संधान कोणाशी याचा नकाशा संगणकावर मांडावा, ही विद्या पुष्पांजलीबाई धाडकर यांनी शहरी राहून साध्य केली.

निरोगी कातडीचा नमुना पाहिजे, सबब बाईंनी आपली आत्या सोजराबाई, वस्ती मौजे धाड, यांस मिनतवारीने राजी केले आणि डॉक्टरांनी त्यांचे पोटरीचा मसुराएवढा तुकडा घेतला. नकाशा उमटला तो काय, मुलखात हलकल्लोळ. शत्रू आला म्हणोन तटावरून खलिते सुटलेले आणि रक्षकपेशी धावत निघालेल्या. वरून पाहावे तो ना पुरळ, ना खाज.

तेव्हा बाईंचे गुरू, राजमान्य राजश्री माणिकराव प्राध्यापक, यांचे फर्मान सुटले की निरोगी मुलखात दंगा दाखविते ती रीतच खोटी. दिवाळीपावेतो खरी करून दाखवावी, नाहीतर प्रबंधातून खारीज. कैक वर्षांची मेहनत बुडते की काय, म्हणोन बाई रडल्या, आणि मग तोंड धुऊन धाडेस कूच केले.

बाजाराचा दिवस. जीपेत माणसे, मेथी आणि कोंबड्या एकत्र कोंबलेल्या, तैशात लॅपटॉप छातीशी धरोन बाई मोठे शर्थीने मुक्कामी दाखल जाहल्या. आत्याबाई तूर निवडीत होत्या. पोटरी पाहिली, तो जखमेपासून बोटभर अंतरावर काळा डाग.

"आत्याबाई, हे काय वो?"

"जल्माची खूण हाय. डॉक्टरलेबी हेच सांगतलं."

"माह्या लहानपणी तं नोयती."

आत्याबाईंनी सुपात मान घातली आणि तूर निवडता निवडता कबुलीजबाब दिला.

"पाय ठणके, तं बिब्बा तापवून चटका देल्ला. डॉक्टर रागे भरला असता, म्हून लपवलं."

बिब्ब्याचे तेल जालीम, कातडी पेटविते, हे वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? डॉक्टरांनी डाग टाळोन शेजारचा तुकडा घेतला, परंतु दंग्याची खबर आतल्या आत तेथवर पोहोचली होती.

माणिकरावांस हे कळविता हुकूम आला की दुसरे, म्हणजे डावे पायाचा तुकडा आणावा. आत्याबाईंस सुईचे भय फार, परंतु भाचीचे तोंड पाहून त्या कबूल जाहल्या, आणि अट घातली की डॉक्टरांनी ओरडू नये. दिवाळीपूर्वी नवा नकाशा उमटला. सर्वत्र अमन, रोजचे चार खलिते, रक्षकपेशी आरामात. मग माणिकरावांनी दस्तुरखुद्द लिहिले की रीत खरी.

बाईंनी फोनवर विजयाचे वर्तमान कळविले की तुमच्या कातडीने सारे खरे सांगितले. त्यावर आत्याबाई बोलल्या, "चहाडखोर मेली. इतके वर्स तेल चोळलं तिले."

येणेप्रमाणे पोटरी फत्ते जाहली, रीत कायम राहिली आणि घरातील बिब्बे भाचीने जप्त केले. एक आत्याबाईंचे उशीखाली शिल्लक आहे. डाव्या पायास ठणका लागल्याचे वर्तमान कालच आले.