प्रधानकाकांची गार खोली

आमच्या मजल्यावर एक खोली अशी आहे की तिच्यात दिवसभर एसी चालू असतो आणि तिच्यात कोणीही राहत नाही. प्रधानकाकांच्या फ्लॅटमधली ती मागची खोली. खुद्द काका बाहेर पंख्याखाली गंजीफ्रॉकवर बसून मान पुसत असतात, शैलाकाकू स्वयंपाकघरात घामाघूम होऊन पोळ्या लाटत असतात, आणि बंद दाराआड गारेगार हवा नुसती पडून असते. कोणी विचारलं की काका सांगतात, "चॉकलेटची खोली आहे ती."

चॉकलेट म्हणजे विलायती चॉकलेटचा एक मोठा गोल डबा. तो घरात येतो डिसेंबरात, नाताळच्या दुपारी उघडतो, आणि जानेवारी संपायच्या आत काकू त्यात मोहरी-जिऱ्याच्या पुड्या ठेवायला लागतात. मग उरलेलं वर्षभर एसी कशासाठी? मी हे एकदा विचारलं होतं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अगं, खोली थंडीला सरावलेली हवी. ऐन वेळी गार करून भागत नाही. भिंतींत उष्णता मुरते."

काकांनी सगळी नोकरी इथल्याच तुआसला केली, एका जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग तपासण्याची. त्यामुळे कशात काय मुरतं याबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणी काही सुटलेली नाही. काकूंची पोळी उजेडाकडे धरून बघतात. आमच्याकडे आले की बसण्याआधी सोफा हलवून बघतात. निकाल दोनच, "पास" किंवा "रिजेक्ट". त्यांच्या तोंडून "पास" निघालेला मला तरी आठवत नव्हता. रिजेक्ट न होणं हाच पास, असं आम्ही धरून चाललो होतो.

जुरोंग ईस्टच्या या ब्लॉकमध्ये आम्ही पुण्याहून या परक्या देशात नवीन आलो, तेव्हा पहिल्या नाताळला मी शेजारधर्म म्हणून खालच्या मॉलमधून चॉकलेटचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. कंपनी तीच होती, रंगही तोच. काकांनी चष्मा लावला, डबा उलटा केला, बुडावरची बारीक अक्षरं बॅटरीच्या उजेडात वाचली.

"रिजेक्ट."

"अहो!" काकू म्हणाल्या.

"इकडच्या हवेसाठी बनवलेला माल आहे हा. उन्हात वितळत नाही. जे उन्हात वितळत नाही ते माझ्या जिभेवर कशाला वितळेल? चॉकलेट करावं ते इंग्रजांनी. बाकी त्यांनी आपल्याशी काय केलं ते सोड."

मला राग आला होता. डबा उचलून मी घरी आले, तर मागोमाग काका हजर. त्यांच्या घरी तो माल चालत नव्हता, आमच्या घरी चालत होता. आमच्या (हलवून बघितलेल्या) सोफ्यावर बसून त्यांनी आणि माझ्या इराने निम्मा डबा फस्त केला. इरा तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. त्या दिवसापासून ती त्यांना आजोबा म्हणते आणि आम्ही दर नाताळला त्यांच्या टेबलाशी असतो.

या डब्याचा एक इतिहास आहे आणि तो काका डबा उघडण्याआधी दर वर्षी सांगतात. त्यांची मुलगी गौरी बालवाडीत होती तेव्हा कंपनीने काकांना कसल्याशा प्रशिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं. दिवाळी तिकडेच गेली. परत आले ते थेट नाताळच्या दिवशी, विमानात अख्खा वेळ डबा मांडीवर घेऊन. गौरी इतकी रुसली होती की पडद्यामागून बाहेरच येईना. काकांनी डबा उघडून जमिनीवर ठेवला आणि स्वतः बाजूला जाऊन बसले. बऱ्याच वेळाने पोरगी बाहेर आली, डब्यात हात घातला, नारिंगी कागदातलं एक चॉकलेट काढलं आणि स्वतः न खाता बाबांच्या तोंडात घातलं.

"संत्र्याचं!" इथे काकांचा आवाज दरवर्षी चढतो. "इतक्या प्रकारांतून नेमकं संत्र्याचं! मला संत्रं आवडतं हे त्या एवढ्याशा जिवाला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. न सांगता ओळखलं तिने."

काकू या वेळी साधारणपणे चिवड्याची बशी आणायला आत जातात.

तेव्हापासून प्रधानांच्या घरात नियम पडला, की नाताळचं चॉकलेट आपलं आपण उचलायचं नाही. दुसऱ्याने ओळखून द्यायचं. काका गौरीला देणार, ते नेहमी कॅरॅमलचं, आणि गौरी काकांना. पुढे आम्ही सामील झालो तेव्हा काकू आणि मी अशी जोडी पडली आणि इरा नि तिचा बाबा अशी दुसरी. सगळ्यांच्या हातात चॉकलेट आल्याशिवाय कोणी खायचं नाही. आणि खायचं म्हणजे चावायचं तर मुळीच नाही. जिभेवर ठेवायचं. "वाट बघा," काका म्हणतात. "घाई नको. ते आपणहून आलं पाहिजे." सगळे तोंड मिटून एकमेकांकडे बघत बसतात. बाहेरून कोणी आलं तर त्याला वाटेल, या घरात काहीतरी वाईट बातमी आली आहे.

डबा आणायचं काम सुरुवातीला कंपनीतले येणारे-जाणारे साहेब करायचे. मग गौरी शिकायला इंग्लंडला गेली, डॉक्टर झाली, तिथेच राहिली, आणि दर डिसेंबरात डबा घेऊन यायला लागली. "चॉकलेट आणलंत तिकडून आणि पोरगी दिलीत तिकडे," काकू म्हणतात. "चांगला सौदा केलात." काका हसतात, पण थोडंसंच.

या वर्षी डिसेंबर लागला आणि गौरीचा फोन आला. मी तिथेच होते, काकूंकडून कढीलिंब न्यायला गेले होते. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, नाताळात मला ड्युटी लागलीये. खूप प्रयत्न केला, पण नाही जमत. मे महिन्यात येते, नक्की. डबा पाठवते एका मैत्रिणीबरोबर. ती तिकडे हार्बरफ्रंटला कामासाठी येतेय."

"हो, हो," काका म्हणाले. "पेशंट आधी. आमचं काय, आम्ही इथेच आहोत."

फोन ठेवून ते उठले, मागच्या खोलीत गेले, एसी नीट चालू आहे ना ते पाहून आले. मग पंख्याखाली बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी पोळी उजेडाकडे धरली नाही, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

डबा आणायला मात्र स्वतः गेले, आणि सोबत मला नेलं. टॅक्सी नाही, कारण टॅक्सी उन्हात उभी असते. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आतून थंड. हातात बाजारातून पापलेटं आणायची ती बर्फाची पिशवी. एकदा तिचा वास डब्याला लागला होता आणि आम्ही सगळ्यांनी मासळीच्या वासाची चॉकलेटं खाल्ली होती. "समुद्री मीठ घालतात हल्ली त्यात," काका तेव्हा ठासून म्हणाले होते. या वेळी काकूंनी पिशवी लिंबाने घासून दिली होती. परतताना काका एसीच्या झोताखाली जागा शोधून उभेच राहिले. गाडीत खायला बंदी असते, म्हणून डबा असा धरला होता की खाण्याशी आपला काहीच संबंध नाही. समोरच्या एका चिनी आजींनी उठून त्यांना बसायला जागा दिली. काकांनी नम्रपणे नकार दिला आणि वरच्या झोताकडे बोट दाखवलं. आजींना काय समजलं कोण जाणे, त्यांनी मान डोलावली.

नाताळच्या दुपारी आम्ही टेबलाभोवती बसलो. गौरीची खुर्ची काकांच्या शेजारी मांडलेली होती. चमच्याच्या दांड्याने झाकण उघडलं आणि तो वास घरभर पसरला. काकांनी इतिहास सांगितला, पण "संत्र्याचं!" या वेळी जरा खालच्या पट्टीत लागलं. मग त्यांनी कॅरॅमलचं एक चॉकलेट निवडून बशीत ठेवलं आणि बशी गौरीच्या खुर्चीसमोर सरकवली. मी काकूंना दिलं, काकूंनी मला. इराने बाबाला, बाबाने इराला. सगळे थांबलो.

काकांचे हात रिकामे होते.

"आजोबा, यू डोन्ट हॅव," इरा तिच्या शाळेतल्या इथल्या इंग्रजीत म्हणाली. "देन हाउ? कॅन ईट ऑलरेडी ऑर नॉट?"

"खा गं तुम्ही. मला द्यायला गौरी नाही ना या वर्षी."

"मी देते की काका," मी म्हटलं आणि नारिंगी कागद शोधायला डब्यात हात घातला.

"नको." ते रागावले नव्हते. वेल्डिंगमधला दोष दाखवावा तसे शांतपणे सांगत होते. "मी गोष्ट सांगितली म्हणून तू संत्र्याचं देणार. ते वेगळं. न सांगता ओळखणारं माणूस एकच आहे, आणि ते ड्युटीवर आहे. पुढच्या वर्षी बघू."

चॉकलेट हातात मऊ व्हायला लागलं होतं. एवढा हिकमती माणूस, पण त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"न सांगता म्हणे!" काकूंनी हातातलं चॉकलेट टेबलावर आपटलं. "मी सांगितलं होतं तिला."

काकांनी वर पाहिलं.

"पडद्यामागे ती एकटी होती असं वाटलं का तुम्हाला? मी होते. जायला तयार नव्हती. मी कानात म्हटलं, जा, बाबांना ते नारिंगी कागदातलं दे, त्यांना संत्रं आवडतं."

काकांचा तपासणीचा चेहरा झाला. "आणि तुला कोणी सांगितलं? मी तर तुला कधी बोललो नव्हतो."

"कोणी कशाला सांगायला हवं? मला बघायला नागपूरला आला होतात. आईने केलेले पोहे तसेच ठेवलेत आणि संत्रा बर्फीची बशी साफ केलीत. शेवटचा तुकडा तुमच्या मामांच्या पुढ्यातला उचललात. मी दाराआडून बघत होते."

काका म्हणाले, "इतकी वर्षं बोलली नाहीस ते?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत होतात. म्हटलं, असू दे."

काकू उठल्या, गौरीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. डब्यात न बघता हात घातला, नारिंगी कागद काढला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. "धरा."

काकांनी कागद सोडवला. चॉकलेट उजेडाकडे धरलं नाही, उलटसुलट केलं नाही. तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आम्हीही आपापली खाल्ली.

"काय मग?" काकूंनी विचारलं. "रिजेक्ट?"

"वाट बघ," काका भरल्या तोंडाने म्हणाले.

आम्ही वाट बघितली. त्यांच्या मिटलेल्या पापण्या ओलसर दिसत होत्या, पण चेहरा मजेत होता. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, ओठ पुसले आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "पास."

काकू लगेच चिवडा आणायला उठल्या. मला दिसलं, की आत जाऊन त्यांनी आधी चेहरा धुतला.

गौरीला हे सगळं काकूंनीच फोनवर कळवलं. ती खूप हसली म्हणे. तिला पडदा आठवत होता, आईही आठवत होती. तिनेही बाबांच्या कौतुकापायी तोंड मिटून ठेवलं होतं.

आता त्या डब्यात मोहरी-जिऱ्याच्या पुड्या गेल्या आहेत. परवा काकूंनी इस्त्री आणायला सांगितली म्हणून मी मागच्या खोलीत गेले. एसी चालू होता. पलंगावर कडक इस्त्रीची चादर, उशीला नवा अभ्रा, कोपऱ्यात बॅडमिंटनची रॅकेट. भिंतीला गौरीची शाळेतली पुस्तकं रांगेने लावलेली. या दमट हवेत आमच्याकडची पुस्तकं वर्षभरात बुरशीने डागाळतात. गौरीची होती तशी कोरी करकरीत. उशाशी बशीत कॅरॅमलचं चॉकलेट ठेवलेलं होतं.

मागे काका येऊन उभे राहिले. "कॅरॅमल फार नाजूक असतं," ते म्हणाले. "त्याला अशीच हवा लागते."

"मेपर्यंत राहील?"

"राहील की. मे काय, आलाच." त्यांनी चादरीचा एक कोपरा उगीच सारखा केला आणि बाहेर जाता जाता म्हणाले, "दार नीट लोटून घे हं. गार हवा जाते."

मी दार नीट लोटून घेतलं.