तीन सभासदांचं मंडळ

भाऊ परुळेकर माणसांशी मालवणीत बोलतात आणि कॉम्प्युटरशी शुद्ध मराठीत. मशीन अडकलं की ते खुर्चीत ताठ बसतात आणि पडद्याला म्हणतात, "आपण पुन्हा एकदा प्रयत्न करावा." मी एकदा कारण विचारलं. त्यांच्या मते कॉम्प्युटर ही हाफिसातली वस्तू, तिच्याशी घरच्यासारखं बोलून चालत नाही.

भाऊ देवगडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नुसता बघायलाही माणसं यायची तेव्हा, त्यांनी आमचं संगणक मित्रमंडळ काढलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला सभा. तेव्हा खुर्च्या कमी पडत. मग मोबाइल आले आणि कोणाला काही शिकायचं उरलं नाही. काही जण मुंबईला मुलांकडे गेले, काही वारले. शेवटी वहीत तीन नावं राहिली: भाऊ, मी आणि विजयदुर्गच्या हमीदा मॅडम. मॅडम शाळेत मराठी शिकवायच्या. पडल्यापासून त्यांचं येणं थांबलं होतं. म्हणजे सभेला आम्ही दोघंच. तरी भाऊ हजेरी घेत. "दत्ताराम सावंत" असं पुकारून माझ्याकडेच बघत थांबत, आणि मी "हजर" म्हटल्याशिवाय पुढे जात नसत.

मंडळाच्या घटनेत लिहिलं होतं, तीनपेक्षा कमी सभासद झाले की मंडळ विसर्जित. मला ते ठाऊक होतं. तरी मी राजीनामा लिहिला. रिकाम्या खोलीत बसून मागच्या सभेचं इतिवृत्त ऐकायचं, आणि मागच्या सभेतही त्याच्या मागच्या सभेचं इतिवृत्तच वाचलेलं असायचं. कंटाळलो होतो.

सभेत तो द्यायचा धीर होईना, म्हणून एका मधल्याच रविवारी भाऊंच्या घरी निघालो. भाऊ एसटी स्टँडवरच भेटले. खांद्याला लॅपटॉप, हातात टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, सभेला. सभासदाला येता येत नसेल तर सभेनं त्याच्याकडे जायचं. मी तिथंच कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"सभा झाल्यावर दी."

मी त्यांच्यामागून विजयदुर्गच्या गाडीत चढलो.

मॅडम पडवीत बसल्या होत्या. फार बारीक झाल्या होत्या. त्यांच्या सुनेनं, शबानानं, हळूच सांगितलं की आता त्या कोणालाच ओळखत नाहीत. आखातातून मुलाचा फोन आला तरी कोण बोलतंय ते त्यांना कळत नाही. माझ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. मग भाऊंना विचारलं, "तुम्ही कोण?"

"परुळेकर. संगणक मंडळाचो सेक्रेटरी."

"मंडळाचे होय? मग बसा ना."

त्यांनी स्वतःच चष्मा चढवला, ओढणी सारखी केली. भाऊंनी कीबोर्ड लॅपटॉपला जोडून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सावकाश सभेच्या इतिवृत्ताचा मजकूर सांगायला सुरुवात केली. मॅडमची बोटं सरसर चालू लागली. मध्येच भाऊ थांबले, तर त्या आपल्या मनानं पुढे टाइप करत राहिल्या: उद्या शाळेस सुट्टी आहे, सर्वांनी वह्या पूर्ण कराव्यात. भाऊंनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. शबाना म्हणाली, दर रविवारचा हा तास सोडला तर आठवडाभर त्या गप्पच असतात.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. भाऊंनी हात पुढे केला. "दी आता."

माझा हात खिशातच राहिला. ते खाडीकडे बघत म्हणाले, "तू गेलंस काय मंडळ संपला. मगे येत्या रविवारी मॅडम इचारतले, तुम्ही कोण. खोटा बोलाक माका जमणा नाय. मी तेंका काय सांगू, दत्ता?"

मी म्हटलं, कागदात शुद्धलेखनाच्या चुका राहिल्यात, पुन्हा लिहून आणतो.

भाऊंनी हात मागे घेतला.

"सावकाश लिही," ते म्हणाले. "घाई नाय."