कमरपट्टा

जपानहून पार्सल आलं की प्रल्हादनाना पुन्हा आंघोळ करतात. सकाळची झालेली असली तरी. मग इस्त्रीचा शर्ट घालून खोक्यासमोर बसतात आणि ब्लेडने अलगद चिकटपट्टी कापतात. आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत मुलगी पाहायला जातानासुद्धा कोणी इतकी तयारी करत नाही.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि आमच्या समोर राहायला आले. लग्न केलेलं नाही. कारण विचारलं तर ‘शिफ्ट जमली नाही’ म्हणतात. आता ते एका जपानी रॉक गायकाचे लिमिटेड एडिशनचे अल्बम जमवतात. त्याला ‘आपला गडी’ म्हणतात. एकच अल्बम चार निरनिराळ्या मुखपृष्ठांत निघतो, गाणी तीच. नाना चारही घेतात. मी एकदा म्हटलं, “नाना, हे म्हणजे एकाच घडाची केळी चार टोपल्यांत.”

“तुले केळीच दिसतीन,” नाना म्हणाले.

प्रत्येक अल्बमच्या कडेला जपानी अक्षरांची एक कागदी पट्टी प्लास्टिकच्या वरून नुसती अडकवलेली असते. नाना तिला कमरपट्टा म्हणतात. ती जराशी दुमडली तरी त्यांचा दिवस वाया जातो. शिवाय प्रत्येक अल्बमच्या दोन प्रती. “एक आयकाले, एक ठेवाले.” प्रत्यक्षात दोन्ही सीलबंदच राहतात, गाणी नाना मोबाइलवर ऐकतात. मग ऐकायची प्रत कोणासाठी, तर म्हणायचे, “आयकणारा येवाना शे.”

हा येणारा कोण, ते मला त्यांच्या बहिणीकडून कळलं. अक्का धुळ्याच्या, उन्हाळ्यात पंधरा दिवस राहायला येतात. दीपनगरला नानांच्या शिफ्टमध्ये दोंडाईचाचे गुलाबभाऊ होते. या गायकाचं गाणं नानांना पहिल्यांदा त्यांनीच ऐकवलं. नानांनी पहिला अल्बम मागवला, तो गुलाबभाऊंनी हातात घेतला, पट्टी म्हणजे पॅकिंग समजून टरकन फाडली आणि तिची सुरळी करून कान कोरला. नानांनी त्यांना घराबाहेर काढलं. त्याला सहा वर्षं झाली. गुलाबभाऊ निवृत्त होऊन दोंडाईचाला गेले, ना यांचा फोन ना त्यांचा.

“एवढ्याशा कागदासाठी?” मी म्हटलं.

“डोकं फिरेल शे त्यानं,” अक्का म्हणाल्या.

गेल्या महिन्यात पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होतो. नाना रीतसर दुसऱ्या आंघोळीला गेले. तेवढ्यात अक्कांनी खोकं उघडलं, वरच्या अल्बमवर ओल्या बोटाने हळद लावली आणि कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बरोब्बर कमरपट्ट्यावर. त्यांच्या घरी मिक्सर, पंखा, मोटारसायकल, काहीही नवं आलं तरी हेच होतं.

नाना टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कुंकू कागदात पसरत होतं. मी दाराकडे सरकलो.

“नवी वस्तू घरमा उनी,” अक्का म्हणाल्या, “कुंकू लावानं नही का?”

नानांनी अल्बम उचलून उजेडात धरला. मग “बरं करं अक्का” म्हणाले आणि ओल्या अंगानेच खुर्चीवर बसले. अक्का चहा ठेवायला आत गेल्यावर हळूच मला म्हणाले, “अक्काले काही बोलता उनं नही. मंग त्या दिन गुलाबले कसं बोलनू रे मी?”

खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून स्टेशनवर सोडलं. दोंडाईचाचं तिकीट काढलं होतं, पिशवीत त्या अल्बमच्या दोन्ही प्रती होत्या. गुलाबभाऊंना कळवलं का, विचारलं, तर नाही म्हणाले. फोनवर नकार द्यायला सोपं जातं, म्हणे.

“त्यांना कोणती देणार?”

“कुंकवानी मनी,” नाना स्वतःकडे बोट दाखवत म्हणाले. “कोरी त्याले.”

“आणि त्यांनी परत पट्टी फाडली तर?”

गाडी आली होती. नाना चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली.

“फाडू दे,” ते म्हणाले. “मनासमोर बसीसन फाडू दे.”