व्याह्यांच्या जाण्याने

भाषा माणसाला माणसाशी जोडते, असे ज्यांना घरात कोणाशी बोलावे लागत नाही ते नेहमी सांगतात. आमच्या काकांना मात्र बोलावे लागणार होते. काका वजनमापे खात्यातले निवृत्त तपासनीस. सून दुसऱ्या भाषेची. मुलगा कामावर गेला की घरात दोघेच, आणि दोघांत मिळून शब्द एकच : "चहा?" सून गुणी होती आणि दिवसभर गप्प होती, याचे काकांना मनापासून वाईट वाटे.

म्हणून त्यांनी प्रौढ भाषावर्गात नाव घातले. पद्धत शास्त्रशुद्ध होती. रोज त्या भाषेतले वर्तमानपत्र तासभर मोठ्याने वाचायचे. माणसांशी बोलून उच्चार बिघडवायचे नाहीत. बेचाळीस प्रौढांपैकी एकोणचाळीस उत्तीर्ण झाले. (उरलेले तिघे शेजाऱ्यांशी थेट बोलताना आढळल्याने त्यांची नावे कमी करण्यात आली.)

पहिल्या पानावरची वाक्ये लांबलचक, आणि कर्ता शेवटपर्यंत सापडत नसे (पोलिसांनाही नसे). निधनवार्ता मात्र छोट्या, सोप्या आणि भावपूर्ण, शिवाय शेजारी फोटो. सहा महिन्यांत काकांनी साडेचारशे निधने तोंडपाठ केली. सुनेने शर्टाला बटण लावून दिले की ते तिच्या भाषेत म्हणत, "मनमिळाऊ स्वभावामुळे त्या सर्वांना परिचित होत्या." ती तोंडाला पदर लावून आत पळे. "लाजते," काका मला सांगत.

मग व्याही विहीणबाईंसह चार दिवस राहायला आले. निघताना काकांनी दारात त्यांचे दोन्ही हात धरले आणि भरल्या डोळ्यांनी, त्यांच्या भाषेत अस्खलित सांगितले, "आपल्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याची शक्ती मिळो."

व्याही मटकन खाली बसले. विहीणबाईंनी त्यांची नाडी पाहिली.

"काका, काय बोललात हो?" मी विचारले.

"अरे, पुन्हा या म्हणालो!"

काकांचा चेहरा पार उतरला. एवढ्यात सून खो खो हसत पुढे आली आणि चक्क आमच्या भाषेत म्हणाली, "सासऱ्यांचे वादग्रस्त विधान! सर्व स्तरांतून तीव्र निषेध!"

तीही सहा महिने गुपचूप आमचे वर्तमानपत्र वाचत होती. फक्त पहिले पान.

तेव्हापासून घर बोलते झाले आहे. स्वयंपाकघरातून "मिठाचा तीव्र तुटवडा, नागरिक हैराण" अशी आरोळी येते. "मीठ यांचे अल्पशा आजाराने निधन," असे दुःखाने जाहीर करून काका पिशवी घेऊन दुकानात जातात. त्यांना इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

यावर हसणाऱ्या वाचकांसाठी एक खुलासा. आपल्या घरात सगळ्यांना एकच भाषा येते, आणि ती उत्तम येते. तेव्हा रोज सकाळी तोंडापुढे वर्तमानपत्र धरून आपण नेमके काय शिकत असता, हे विचारायचे घरच्यांनी केव्हाच सोडून दिले आहे.