सकाळची मूठ

सगळ्याचं मूळ एवढंच, की मी एक दिवस ठरवलं, आजपासून कुणाशी हात मिळवायचा नाही. माणूस दारू सोडतो, तंबाखू सोडतो, लोक त्याचं कौतुक करतात. मी हात मिळवणं सोडलं तर गावाने मला गद्दार ठरवलं.

मी मनिष. गंजाडच्या पुढे आमचा पाडा आणि डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात मी कारकून. (हो, फुगे. हसून घ्या.) काही वर्षांपूर्वी माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले. वापीच्या डॉक्टरने नाव सांगितलं, रुमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आमवात. मी विचारलं, "गोळ्या किती दिवस घ्यायच्या?" तो म्हणाला, "घेत राहा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

या दुखण्यात वाईट काय, तर ते दिसत नाही. पाय मोडला असता तर लोक निदान प्लास्टर बघायला आले असते. माझी बोटं लांबून तुमच्यासारखीच दिसतात. त्यामुळे हात दुखतो म्हटलं की ऐकायला मिळतं, "वात? तो तर म्हाताऱ्यांना होतो! तू तर खुर्चीत बसून असतोस." मग ज्याचं त्याचं औषध सुरू. एरंडाचं तेल चोळ. कोंबडी बंद कर. कोंबडीच खा. एकजण तर आग्रहाने भगताकडे घेऊन गेला आणि निघताना "आता बरा होशील" म्हणत त्यानेच माझा हात प्रेमाने दाबला. आठवडाभर मला चमचा धरता आला नाही.

अशात सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि माझी बायको रविना उभी राहिली. हौस म्हणून नव्हे. होळी झाली की आमची बोअरिंग आटते आणि रविना डोक्यावर हंडे घेऊन पार ओहोळापर्यंत जाते. मागच्या वेळी पंचायत रघ्याच्या हातात होती, तेव्हा नळाची लाइन त्याच्या पाड्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. ती पुढे आमच्या पाड्यापर्यंत ओढायची, एवढंच रविनाच्या डोक्यात होतं. माझ्या हाताने भरला हंडा उचलवत नाही. त्याबद्दल ती कधी चकार शब्द काढत नाही, पण माझा हंडाही तीच उचलते.

आता बाई उभी राहिली की तिच्या नवऱ्याला काम एकच, घरोघर जाऊन हात मिळवणं. भेटलं की जोहार आमच्याकडे सगळेच करतात. पण या निवडणुकीत हात मिळवून जोहार केला तर तो आमच्या पॅनेलचा आणि मूठ वर करून केला तर तो रघ्याच्या पॅनेलचा, अशी वाटणीच झाली होती. रघ्याची बहीण शुक्री रविनाच्या विरोधात उभी होती.

पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरवाला सुदाम भेटला. "मनिषभाऊ, मत वहिनीलाच!" म्हणून त्याने माझा हात असा काही आवळला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आई गं!" मी ओरडलो.

"एवढं खूश व्हायला काय झालं? अजून घरातली चार मतं देतो की!" म्हणत त्याने दुसऱ्यांदा आवळला.

संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची वांगी झाली होती. रविनाने ती कोमट पाण्यात बुडवली आणि म्हणाली, "उद्यापासून नमस्कार कर." (ती मला अरे-तुरेच करते. आमच्या पाड्यावर नवऱ्याला अहो-जाहो करायची पद्धत नाही, आणि मी त्या लायकीचाही नाही.)

नमस्कार करून पाहिला. पण माझे तळवे जुळत नाहीत, मध्ये वाटीभर जागा राहते. बायजी म्हातारीसमोर मी असे हात धरून उभा राहिलो तर तिने नीट निरखून बघितलं, आत गेली आणि माझ्या ओंजळीत दोन चिकू आणून ठेवले. "कारखाना बंद पडला काय रे?" तिने विचारलं. दुपारपर्यंत पाड्यात बातमी, रविनाचा नवरा मागून खातो.

मग मी तो थोर निर्णय घेतला. कुणाच्या जवळच जायचं नाही. लांबूनच हात वर करायचा आणि "जोहार!" म्हणायचं.

मी कामावर जायला भल्या सकाळी बस पकडतो. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी हात वर करून जोहार घातला. वा! ना दाबणं, ना ओरडणं. उलट समोरच्या पॅनेलची माणसं तर फारच प्रेमाने उत्तर देत होती. (तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मला उशिरा कळतं, म्हणून तर मी कारकून.)

दोन-तीन दिवसांत, भल्या पहाटे रविनाचे काकड्यामामा दारात. आमच्या पॅनेलचे ते पुढारी.

"जावई, रघ्याची मूठ दाखवत फिरतोस?"

"मूठ नाही मामा, हात आहे."

"हात असा असतो?"

मी हाताकडे बघितलं. आमवाताची बोटं रात्रभर आखडतात आणि सकाळी काही केल्या सरळ होत नाहीत. मामा म्हणत होते ते खरंच होतं. तो हात नव्हता, मूठ होती.

"उघडत नाही," मी म्हणालो.

"उघड की."

"दहा वाजता उघडतो."

मामांनी रविनाकडे बघितलं. "हा हात आहे का पोस्ट ऑफिस?"

"खरं आहे ते, मामा," रविना म्हणाली. "सकाळी त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मी लावते." साऱ्या गावात माझं दुखणं खरं मानणारी ही एकटी.

"म्हणजे बटणं तू लावायची," मामा उठत म्हणाले, "आणि मूठ शुक्रीला!"

मग हात खिशात घालून फिरलो. लोक म्हणाले, बायको निवडून यायच्या आधीच याला मस्ती आली.

रविना हरली. फार नाही, थोडक्यात. आमच्याच पाड्यातली, सकाळच्या बसने जाणारी मतं फुटली. नवराच तिकडे असेल तर आपण कशाला इकडे, असा त्यांचा साधा हिशेब होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच केला असता.

गुलाल उधळत मिरवणूक मुद्दाम आमच्या अंगणात आली. रघ्याने सगळ्यांसमोर माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गदागदा हलवला. "मनिषभाऊ, तुमचे उपकार शुक्री जन्मभर विसरणार नाही!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कुंपणापाशी मामा उभे होते. "बघा," ते मोठ्याने म्हणाले, "आनंद पोटात मावत नाही जावयाच्या."

रविनाने हंडा उचलला आणि ओहोळाची वाट धरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती चुलीपाशी माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले होते.

"एकदाच विचारते. मत मला दिलंस ना?"

माझा हात इतकी वर्षं दुखतोय, पण असं आत कुठे दुखलं नव्हतं.

"तुझा पण विश्वास नाही?"

"होता," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

मी मागचापुढचा विचार न करता, पूर्ण मनापासून, तिच्या डोक्यावर हात ठेवला. टक् असा आवाज आला.

"हरवलंस ते हरवलंस," डोकं चोळत रविना म्हणाली, "वर टप्पल मारतोस?"